सह्याद्रीच्या रानात तंबूचा मुक्काम : सोलापूरहून जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

सोलापूर जिल्ह्यातील माणसाला उघड्यावर झोपणे नवीन नाही. उन्हाळ्यात गच्चीवर, सुगीत खळ्यावर किंवा पिकाच्या राखणीला शेतात रात्र काढलेली माणसे आजही बहुतेक घरांत भेटतात. मात्र या सवयीच्या भरवशावर सह्याद्रीच्या जंगलात मुक्कामाला जाऊ नये, कारण आपला माळ आणि घाटमाथ्यावरील रान यांच्यात हवा, जमीन, पाणी, अंधार आणि कायदा या सर्वच बाबतींत फरक आहे. माळावर कोसभर अंतरावरचा दिवा दिसतो, पायाखालची जमीन कोरडी असते आणि पावसाची चाहूल तास-दोन तास आधी लागते. रानात वीस पावलांवरचे झुडूप अंधारात ओळखू येत नाही, ओल जमिनीतून आणि हवेतून एकाच वेळी अंथरुणात शिरते आणि वाट चुकल्यावर आवाज देऊनही तो कोणाच्या कानी जाईल याची खात्री नसते. तेथील रात्र सुखाची जाणार की कष्टाची, हे बहुतांशी सोलापुरातून निघण्यापूर्वीच्या तयारीवर ठरते. म्हणून या लेखात त्या तयारीला अधिक जागा दिली आहे.

प्रथम परवानगी, मग सामान

जंगल सरकारी असले तरी तेथे कोणीही, कधीही राहावे असा त्याचा अर्थ होत नाही. राखीव वनांना भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू होतो, तर अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. परवानगीवाचून अभयारण्यात शिरणे, तेथे मुक्काम करणे किंवा जाळ करणे हा गुन्हा आहे. सोलापूरकरांना सर्वांत जवळचे पडणारे मोठे डोंगरी रान सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला आहे आणि त्याचा बराचसा भाग कोयना अभयारण्यात मोडतो. हे अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वासोट्याला जाणारे लोक बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडतात आणि वनविभागाची नोंद करून किल्ला पाहतात. त्यांना सायंकाळपूर्वी परतावे लागते. किल्ल्यावर किंवा पायथ्याच्या रानात तंबू ठोकण्याचा विचार मनातही आणू नये.

मग राहावे कोठे? नवख्याने रानाच्या आत न जाता रानाच्या काठाला राहावे, असे माझे ठाम मत आहे. सातारा, कास, बामणोली, तापोळा या पट्ट्यातील गावांत स्थानिक कुटुंबे आपल्या मालकीच्या शेतात तंबूसाठी जागा देतात आणि काही ठिकाणी वनविभागाच्या किंवा गावच्या समितीच्या देखरेखीखालील मुक्कामाच्या जागाही असतात. अशा जागी झाडी हाकेच्या अंतरावर असते, रातकिड्यांचा आवाज तोच असतो, पहाटेचे पक्षीही तेच असतात. त्याबरोबर मालकाचे घर जवळ असते, पाण्याची सोय माहीत असते आणि अडचण आल्यास रात्री दार वाजवता येते. जागा ठरवताना मालकाशी फोनवर बोलून चार गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात : जमीन खासगी आहे की वनहद्दीत येते, पिण्याचे पाणी त्या महिन्यात कोठून मिळते, शौचालय आहे का आणि गाडी तंबूपासून किती अंतरावर उभी राहते. कास पठाराच्या फुलांच्या परिसरात तंबू ठोकू नये. ते पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांपैकी एक आहे आणि तेथील मातीचा थर इतका पातळ आहे की एका रात्रीच्या वावराचीही खूण मागे राहते. देवराईतही मुक्काम करू नये. तेथील वाळलेली काटकीदेखील उचलायची नाही ही गावकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे आणि तिच्यामुळेच ती झाडे आजवर उभी आहेत.

हंगाम आणि थंडीचा हिशेब

पहिल्या मुक्कामासाठी नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारीअखेर हा काळ सर्वांत योग्य होय. सोलापुरात वर्षभराचा सरासरी पाऊस १,००० मिलिमीटरपर्यंतही पोहोचत नाही, तर महाबळेश्वरला तो ५,००० मिलिमीटरहून अधिक असतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात घाटमाथ्यावर तंबूत राहणे हे अनुभवी माणसाचे काम आहे. ऑक्टोबरमध्ये दव आणि परतीचा पाऊस असतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून गवत वाळते, झरे आटू लागतात आणि वणव्याचा हंगाम सुरू होतो.

थंडीचा अंदाज सोलापूरच्या हवेवरून बांधू नये. समुद्रसपाटीपासून १,००० मीटर वर गेल्यास तापमान साधारणपणे साडेसहा अंशांनी उतरते. सोलापूर सुमारे ४५० ते ५०० मीटर उंचीवर आहे आणि महाबळेश्वर १,३५० मीटरच्या पुढे आहे, म्हणजे केवळ उंचीमुळेच पाच-सहा अंशांचा फरक पडतो. त्यात दवाची भर पडते. शिवाय रात्री गार झालेली जड हवा उतारावरून घरंगळत दरीच्या तळाशी आणि जलाशयाच्या काठाशी साचते, त्यामुळे खोलगट जागा वरच्या टप्प्यापेक्षा पहाटे अधिक गार होते. वेण्णा तलावाच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत गवतावर हिमकण दिसतात, ते याच कारणाने.

अंथरूण-पांघरूण

आपल्याकडील सोलापुरी चादर घेऊन जाण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि ती न्यावीही, पण तिचे काम समजून न्यावी. चादर सुती असते. सूत ओल धरते, जड होते आणि ओले झाल्यावर ऊब देत नाही. म्हणून ती स्लीपिंग बॅगच्या आत अंगाभोवती घ्यावी किंवा सायंकाळी बसताना खांद्यावर घ्यावी. जमिनीवर अंथरू नये. जमिनीवर अंथरण्यास आपल्या जिल्ह्यातील दुसरी वस्तू अधिक उपयोगी आहे, ती म्हणजे सांगोल्याकडची धनगरी घोंगडी. लोकर थोडी ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही, हे पावसात मेंढरांमागे फिरणाऱ्यांना शिकवावे लागत नाही. तंबूच्या तळावर प्रथम फोमची मॅट, तिच्यावर घोंगडी आणि त्यावर स्लीपिंग बॅग असा क्रम ठेवावा. थंडी वरून लागते असे आपल्याला वाटत असले तरी अंगाखाली दबलेला कापूस हवा धरू शकत नाही आणि गार जमीन रात्रभर शरीरातील उष्णता शोषत राहते. म्हणूनच पैसे वाचवायचे झाल्यास तंबूत वाचवावेत, मॅटमध्ये वाचवू नयेत.

स्लीपिंग बॅगवर बहुधा दोन तापमाने छापलेली असतात. त्यांपैकी आरामाचे तापमान पाहून खरेदी करावी, कारण शेवटच्या मर्यादेचे तापमान कुडकुडत तग धरण्याचे असते. झोपताना दिवसभराचे घामट कपडे बदलून कोरडे मोजे, कोरडा सदरा आणि कानटोपी घालावी. हा कपड्यांचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वेगळा ठेवावा आणि काहीही झाले तरी दिवसा वापरू नये.

तंबू दोन थरांचा असावा : आत जाळीचा आणि बाहेर पाणी अडवणारा. एका रात्रीत माणसाच्या श्वासातून बरीच वाफ बाहेर पडते आणि एकाच थराच्या तंबूत ती कापडावर साचून पहाटे अंगावर टपकते. थंडी असली तरी वरची खिडकी थोडी उघडी ठेवावी. दुकानात तीन माणसांचा म्हणून विकला जाणारा तंबू सामानासह दोघांनाच पुरतो, हेही ध्यानात घ्यावे. नवा तंबू निघण्यापूर्वी एकदा नातेवाइकांच्या शेतात उभा करून पाहावा आणि दुसऱ्यांदा अंधारात, फक्त हेडटॉर्चच्या उजेडात उभा करावा. नान्नजच्या माळावर हा सराव करू नये. तो माळढोकाच्या अभयारण्याचा भाग आहे आणि कायदा तेथेही तोच आहे. सरावात खुंट्या किती आहेत, कोणता दांडा कोठे जातो, दोरी किती ताणते हे कळते आणि मुक्कामावर चिडचिड होत नाही.

जागा निवडणे व तंबू उभा करणे

सोलापूरहून पंढरपूर, म्हसवड, गोंदवले, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव या मार्गाने साताऱ्यास जाऊन पुढे घाट चढायचा असेल, तर पहाटेच निघावे. डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण डोंगराच्या पूर्वेकडील कुशीत सावली त्याच्या बरीच आधी पडते. तंबू दुपारी चारपर्यंत उभा राहिला पाहिजे. उशीर झाला तर साताऱ्यातच राहावे. अंधारात निवडलेली जागा बहुतेक वेळा चुकीची निघते.

जागेवर पोहोचल्यावर सामान उतरवण्यापूर्वी आधी वर पाहावे. वाळलेली किंवा मोडून अडकलेली फांदी डोक्यावर असेल तर ती जागा सोडावी. घाटमाथ्यावरील जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा यांची झाडी बुटकी असली तरी दाट असते आणि वाऱ्यात वाळक्या फांद्या सहज गळतात. त्याच नजरेत आग्या मोहोळ शोधावे. मोठ्या झाडांच्या आडव्या फांद्यांखाली आणि कड्यांच्या कपारींत ती काळपट पोळी लोंबत असतात. दिसल्यास तेथून दूर जावे. धूर, अत्तर आणि आरडाओरड यांनी या माश्या खवळतात आणि खवळल्यावर दूरपर्यंत पाठलाग करतात. त्यानंतर खाली पाहावे. ओढ्याच्या पात्रात, पाणी वाहून गेल्याच्या खुणा असलेल्या घळीत किंवा जनावरांच्या पाणवठ्याकडे जाणाऱ्या पाऊलवाटेवर तंबू घालू नये. शिवसागराच्या काठी पाणी ओसरल्याने उघडी पडलेली सपाट जमीन फार आकर्षक दिसते, पण ती ओलसर असते, गवे आणि इतर प्राणी पाण्यासाठी तेथूनच उतरतात आणि गारवाही तेथेच साचतो. काठापासून निदान साठ-सत्तर मीटर वर, किंचित उताराच्या, गवत कमी असलेल्या जागेवर यावे. उतार असेल तर डोके वरच्या बाजूला ठेवावे.

खाली अंथरायचे ताडपत्रीचे कापड तंबूच्या तळापेक्षा सर्व बाजूंनी थोडे लहान किंवा आत दुमडलेले हवे. बाहेर राहिलेल्या कडेवर दव आणि पाऊस साचतो आणि तेच पाणी तंबूखाली शिरते. दार वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला ठेवावे. खुंटी ठोकताना तिचे टोक तंबूच्या दिशेने आणि डोके तंबूपासून दूर झुकलेले असावे, म्हणजे दोरी ताणल्यावर ती निसटत नाही. आपल्या काळ्या मातीत खुंटी सहज शिरते. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, ती बोटभरही जात नाही. तेथे दोरीचे टोक मोठ्या दगडाला गुंडाळून त्यावर दुसरा दगड ठेवावा. हे दगड उचलताना प्रथम काठीने हलवावेत, कारण फुरसे दिवसा अशाच दगडाखाली पडून असते. काम झाल्यावर दगड होते तेथे परत ठेवावेत.

पाणी आणि जेवण

प्रत्येक माणसामागे पिण्यास व स्वयंपाकास मिळून दिवसाला किमान चार लिटर पाणी धरावे आणि पहिल्या दिवसाचे पाणी घरूनच न्यावे. झऱ्याचे पाणी कितीही निर्मळ दिसले तरी वरच्या अंगाला गुरे, वन्यप्राणी किंवा वस्ती असते. ते दुपदरी सुती कापडातून गाळून, खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळावे. उकळणे शक्य नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यावर मात्र त्या नीट काम करत नाहीत.

जेवणाच्या बाबतीत सोलापूरकर भाग्यवान आहेत. कडक भाकरी आठवडाभर टिकते, वजनाला हलकी असते आणि शेंगाचटणीबरोबर खाल्ली तर चूल न पेटवताही पोट भरते. त्यांच्या जोडीला पहिल्या दिवशी धपाटे, मग गूळ, शेंगदाणे आणि केळी एवढे पुरेसे होते. रेल्वेने जाणाऱ्यांनी गॅसचा डबा, रॉकेल किंवा पेट्रोल बरोबर घेऊ नये. गाडीत ज्वालाग्राही पदार्थ नेण्यास मनाई आहे. त्यांच्यासाठी न शिजवता खाण्याचा बेतच उत्तम असून गरम चहा-भाकरीची सोय जागामालकाकडे सांगून ठेवावी. त्यातून गावातील कुटुंबाला दोन पैसेही मिळतात. स्वतःच्या वाहनाने जाणाऱ्यांनी लहान गॅस शेगडी न्यावी आणि ती गवत साफ केलेल्या जमिनीवर, सपाट दगडावर, तंबूपासून चार-पाच मीटर लांब पेटवावी. तंबूत शेगडी किंवा कोळशाची पाटी कधीही ठेवू नये. आगीचा धोका तर असतोच, शिवाय बंद जागेत कार्बन मोनॉक्साईड साचतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही.

शेकोटीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. याच महिन्यांत आपल्याकडे हुरड्याचा हंगाम असतो आणि आगटीभोवती बसण्याची गोडी प्रत्येकाच्या अंगात भिनलेली असते. आगटी आपल्या शेतात असते, भोवतीची जमीन मोकळी असते आणि विहीर जवळ असते. रानात जमिनीवर पालापाचोळ्याचा थर असतो, विस्तव त्याच्या आतून न दिसता सरकतो आणि आपण निघून गेल्यावर कित्येक तासांनी वाऱ्याबरोबर भडकतो. एका वणव्यात जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांपासून झाडांच्या कोवळ्या रोपांपर्यंत सारे जळते आणि पुढच्या पावसात उघडी माती वाहून जाते. मालकाच्या अंगणात त्याची नेहमीची चूल किंवा शेकोटीची जागा असेल तर तेथे त्याच्या संमतीने शेकावे. अन्यत्र जाळ करू नये. वाळलेली लाकडे निरुपयोगी पडलेली आहेत असे वाटले तरी किडे, बुरशी आणि सरडे त्यांच्यावरच जगतात.

रात्र

जेवण झाल्यावर खरकटे व उरलेले अन्न घट्ट झाकणाच्या डब्यात घालून गाडीत ठेवावे. गाडी जवळ नसेल तर मालकाच्या घरी द्यावे. तंबूत खाण्याचा एकही पदार्थ नसावा. त्याच्या वासाने उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात, आणि रानडुक्कर अन्नासाठी कापडी भिंतीचा मुलाहिजा ठेवत नाही. गावच्या कडेला बिबट्याचा वावर असू शकतो, म्हणून अंधार पडल्यावर मुलांनी एकट्याने बाहेर जाऊ नये आणि मोठ्यांनीही दोघे मिळून, टॉर्च लावून, बोलत जावे. गवा दिसल्यास टॉर्चचा झोत त्याच्या डोळ्यांवर न रोखता हळूहळू मागे सरावे. तो शांत दिसतो म्हणून जवळ जाऊन छायाचित्र घेणे जिवावर बेतू शकते. मोठ्या आवाजाची गाणी लावू नयेत. प्राण्यांना त्रास होतो आणि आपल्यालाही आसपासची हालचाल ऐकू येत नाही.

तंबूची चेन आत-बाहेर जाताना दर वेळी पूर्ण लावावी. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि तिचा दंश इतका बारीक असतो की कित्येकदा झोपमोडही होत नाही. पुढे पोटदुखी, जड होणाऱ्या पापण्या आणि श्वासाचा त्रास सुरू होतो. बूट तंबूच्या आत पिशवीत ठेवावेत आणि सकाळी झटकून घालावेत. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये. अंगठ्या, कडी काढून घ्यावीत, चावलेला अवयव हलणार नाही असा काठीच्या आधाराने बांधावा, रुग्णाला चालवू नये आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा मिळेल ते वाहन घेऊन प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालते, म्हणून साप मारून बरोबर नेण्याची गरज नसते. मोबाईलला रेंज नसलेल्या गावांत जवळचे रुग्णालय कोणते आणि रात्री गाडी कोणाकडे मिळते, हे पोहोचल्याबरोबर मालकाला विचारून ठेवावे. वणवा किंवा वन्यप्राण्याची अडचण दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येते.

शौचालय नसेल तर पाण्यापासून आणि वाटेपासून साठ मीटर लांब, वीतभर खोल खड्डा करून नंतर तो मातीने बुजवावा. ओले कागदी रुमाल आणि सॅनिटरी पॅड पुरू नयेत. प्राणी ते उकरून काढतात. त्यासाठी वेगळी जाड पिशवी नेऊन ती परत आणावी.

निघताना आणि घरी आल्यावर

तंबू सकाळी दवाने ओला असतो. घाई असेल तर तो तसाच सैल गुंडाळून आणावा, पण सोलापुरात पोहोचल्याच्या दिवशीच गच्चीवर उघडून सावलीत पूर्ण वाळवावा. ओला राहिलेला तंबू दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो, तर आपल्याकडील कडक ऊन सतत लागल्यास कापडावरील पाणी अडवणारा थर खराब होतो. खुंट्यांची माती धुऊन त्या मोजाव्यात.

सर्वांनी अंघोळीच्या वेळी काखा, जांघा, कानांमागचा भाग आणि लहान मुलांचे डोके तपासून गोचीड चिकटली आहे का ते पाहावे. सापडल्यास तिच्यावर तेल किंवा विडीचा चटका न लावता चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढावी आणि जागा साबणाने धुवावी. पुढील तीन आठवड्यांत कोणाला ताप आला, डोके फार दुखू लागले किंवा अंगावर एखादी काळी खपली दिसली, तर आपण रानात मुक्काम केला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. स्क्रब टायफस हा आजार गवतातील सूक्ष्म किड्यांमुळे होतो आणि वेळीच ओळखल्यास साध्या प्रतिजैविकाने बरा होतो. दक्षिण सह्याद्रीत गोचिडांमुळे माकडतापही होतो. सोलापुरातील डॉक्टरांसमोर असे रुग्ण क्वचित येतात. त्यामुळे कोठे, कधी आणि किती दिवस राहिलो, एवढे रुग्णानेच पहिल्या भेटीत सांगितले पाहिजे.